लाल टोमॅटो, मुर्दाबाद!

घरच्या कुंडीत लाल टोमॅटो लावणं म्हणजे नळाला धो धो पाणी असताना दारात टँकर मागवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी आजवर तीन ठिकाणी मांडलं : घरी, सोसायटीत आणि बँकेत जेवणाच्या सुटीत. तिन्ही ठिकाणी सपशेल पराभव झाला. छापील मजकुराला कुणी मधेच तोडत नाही, म्हणून आता इथं मांडतो.

आमची गॅलरी आठ फूट बाय तीन. त्यातला मोठा हिस्सा वॉशिंग मशीनचा, थोडा तुळशीचा. उरलेल्या जागेत चार कुंड्या. मी बी. कॉम. (सेकंड क्लास) असल्यामुळे भांडवल तुटपुंजं असताना ते कुठं गुंतवू नये एवढं तरी मला कळतं. लाल टोमॅटो नाक्यावर बाराही महिने मिळतो. जुलै २०२३ मध्ये तो किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हा ‘घरी लावले असते तर!’ असं ही म्हणाली होती. पण त्या दिवशी बी पेरलं असतं तर आमचा माल सप्टेंबरच्या शेवटाला हाती आला असता, आणि तोवर नाशिककडे भाव मातीमोल झाले होते. म्हणजे गॅलरीत बसून आम्ही बुडालो असतो!

तेव्हा कुंडीत लावायचं ते बाजार देत नाही तेच. मी तीन जाती निवडल्या. एक पिवळा चेरी टोमॅटो. दुसरा ‘ग्रीन झेब्रा’ : टॉम वॅग्नर नावाच्या अमेरिकन माणसानं १९८३ साली लोकांपुढे आणलेला, पिकल्यावरही हिरवाच राहणारा, पट्टेदार. तिसरा ‘इंडिगो रोझ’, जवळजवळ काळा म्हणावा इतका जांभळा. चौथी कुंडी तहात गेली. तिच्यात हिनं लाल लावला.

पहिली फळं धरली आणि समोरच्या ब्लॉकमधले नाना आले. “टोमॅटो लालच असतो हो! तुमचं काहीतरी भलतंच.” आता नानांना काय सांगायचं? हे फळ मूळचं अमेरिकेतलं, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलं. इटलीत ते पोचलं सोळाव्या शतकात, आणि तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘पोमोदोरो’. म्हणजे सोन्याचं सफरचंद! लाल फळाला कुणी सोन्याचं म्हणेल का? आणि आपल्याकडे? जुन्या सोवळ्याच्या घरांत टोमॅटोला स्वयंपाकघरात मज्जाव असे, कारण त्याचा लाल रंग मांसाची आठवण करून देई. आजोबांनी तो लाल म्हणून नाकारला, नातू लाल नाही म्हणून नाकारतोय. घराण्याची परंपरा म्हणतात ती ही.

हेडकॅशियरसाहेबांना मी डब्यातला पट्टेदार टोमॅटो दाखवला, तर त्यांनी डबाच लांब सरकवला. “रोग पडलाय तुमच्या झाडावर. तिरंगा!” २०२० साली नारायणगाव-संगमनेरकडे टोमॅटोवर विषाणूचा रोग आला होता आणि फळांवर पिवळेतांबडे डाग पडले होते, हे खरं. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं. त्या शेतकऱ्यांची मला मनापासून सहानुभूती आहे. पण म्हणून प्रत्येक रंगीत टोमॅटो आजारी? “साहेब,” मी म्हटलं, “२०१८ पासून शंभराची नोट जांभळी आहे, दहाची चॉकलेटी आहे, दोनशेची पिवळी आहे. दिवसभर मोजता ना? मग जांभळ्या टोमॅटोनंच काय घोडं मारलंय?” साहेब म्हणाले, “नोट खायची नसते.” यावर मला बोलण्यासारखं बरंच होतं, पण माझी बढती जवळ आली होती.

खरी गंमत पुढेच आहे. हे लालाचे भक्त ज्या लालाची आरती करतात, त्याची हकीगत ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१२ साली छापून आली. फळ कच्चं असताना सगळीकडे सारखं फिकट हिरवं दिसावं आणि मग एकदम सारखं लाल व्हावं, म्हणून पैदासकारांनी वर्षानुवर्षं एका बिघडलेल्या जनुकाची रोपं पुढे चालवली. देठाजवळचा गर्द हिरवा खांदा गेला. पण तो हिरवेपणाच फळात साखर भरायला मदत करत होता! म्हणजे ताळेबंद दिसायला सुरेख, आणि तिजोरीत शिल्लक कमी. आमच्याकडे असल्या प्रकाराला इन्स्पेक्शन लागतं. भाजीबाजारात त्याला ‘एक नंबर माल’ म्हणतात.

पण म्हणून रंग दिसला की पाकीट उघडणाऱ्यांच्या बाजूचाही मी नाही. ‘पिवळा टोमॅटो आंबट नसतो’ ही निव्वळ अफवा आहे. आंबटपणा जातीवर असतो, रंगावर नव्हे. आणि इंडिगो रोझनं तर मला चांगलंच फसवलं. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाची ही जात २०१२ ची. तिचा जांभळा रंग फक्त सालीत, तोही ऊन लागेल तेवढ्याच भागावर. एका फळाला पान चिकटून राहिलं होतं, तर तिथं पानाचा नकाशाच उमटला. आतून कापला तर लाल! चवही बेताचीच. आमच्या गॅलरीत ऊन येतं सकाळी दोन तास, त्यामुळे निम्मी फळं अर्धवट रंगलेली, रंगपंचमीला घरातून उशिरा निघालेल्या माणसासारखी. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांनी या भानगडीत पडू नये.

झेब्रा मात्र अस्सल. काय चव! जिभेवर आधी आंबट टिचकी आणि मागून गोडी. अडचण एवढीच की तो पिकला हे कळणार कसं? ही आठवडाभर तो लाल व्हायची वाट बघत बसली आणि मग वैतागून कच्चेपिके सगळे एकत्र करून शेंगदाण्याचं कूट घालून चटणी केली. (चटणी उत्तम झाली होती. हे वाक्य तिनं घालायला लावलेलं नाही.)

पिकलेला बरोबर ओळखला तो आईनं. तिला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, त्यामुळे रंगाचा वाद तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. चाचपडत कुंडीपाशी जाऊन तिनं एकेक फळ अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिलं आणि म्हणाली, “हे दोन झालेत रे.” मी विचारलं, “कसं कळलं?” तर म्हणते, “अढीतला आंबा काय रंग बघून काढतोस होय?” मग मिठाचं बोट लावून तिनं दोन्ही तिथंच उभ्यानं खाल्ले. रोज दुपारी हाच कार्यक्रम. सबंध हंगामात माझ्या बाजूचं हे एकच मत होतं, आणि ते मी घरात, सोसायटीत, बँकेत सगळीकडे सांगत सुटलो होतो.

गेल्या महिन्यात आईचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर ती पहिल्यांदा गॅलरीत आली. तुळशीला हात जोडले. मग झेब्राकडे वाकून बराच वेळ बघत राहिली.

“अगं बाई! इतके दिवस हे हिरवे कच्चेच खायला घालत होतास होय रे मला?”

आता ती हिच्या कुंडीतला लाल खाते. झेब्राच्या बिया मी धुऊन, वर्तमानपत्रावर वाळवून ठेवल्या आहेत.