आईच्या आईची आई

वंशाला दिवा हवा, असं आपल्याकडे म्हणतात. मुलगी झाली की लगेच कुणीतरी समजूत घालतं, ‘अहो, मुलगी म्हणजे पणती, दोन्ही घरं उजळते.’ दिव्याला पणतीचं हे उत्तर ऐकायला गोड वाटतं खरं, पण त्यातही एक गोष्ट गृहीत धरलेलीच असते. ती म्हणजे वंश हा बापाकडून मुलाकडे जातो. बाई त्यात सून म्हणून बाहेरून येते आणि मुलगी म्हणून बाहेर जाते. मला हे गृहीतकच मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी आज मी तुम्हाला जरा लांब, पार आइसलँडपर्यंत घेऊन जाणार आहे.

त्याआधी थोडं विज्ञान. घाबरू नका, फार नाही. आपल्या पेशींमध्ये तंतुकणिका असतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या. शाळेत आपण ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ म्हणून पाठ केलं होतं, त्याच त्या. या तंतुकणिकांचा स्वतःचा एक छोटासा डीएनए असतो, जेमतेम साडेसोळा हजार अक्षरांचा. बाकीचा डीएनए आई आणि वडील दोघांकडून येतो. हा मात्र फक्त आईकडून येतो. मुलालाही तोच मिळतो, मुलीलाही तोच. पण मुलगा तो पुढे देऊ शकत नाही. पुढे देते ती फक्त मुलगी.

मला हे समजलं ते विरजणाच्या भाषेत. आईकडचं विरजण लेक सासरी नेते, तिच्या घरी दही लागतं, त्यातलं चमचाभर तिची लेक घेऊन जाते. घरं बदलतात, गावं बदलतात, आडनावं तर बदलतातच, पण विरजण तेच. शेकडो वर्षांत कधीतरी त्याची चव किंचित बदलते. डीएनएतही असंच एखादं अक्षर क्वचित बदलतं आणि तो बदल पुढच्या सगळ्या लेकींकडे जातो. या बदललेल्या अक्षरांवरून शास्त्रज्ञ मातृवंशांच्या शाखा ओळखतात आणि त्यांना इंग्रजी अक्षरं-आकड्यांची नावं देतात.

आता आइसलँड. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेकडचे लोक या बेटावर येऊन वसले, असं तिथला इतिहास सांगतो. वीर पुरुष, जहाजं, जमिनी, भांडणं! पण २००० साली आणि त्यानंतर आग्नार हेल्गासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या आइसलँडवासीयांचा डीएनए तपासला, तेव्हा एक वेगळंच चित्र दिसलं. बापाकडून मुलाकडे जाणारा वारसा साधारण तीन-चतुर्थांश स्कँडिनेव्हियाचा निघाला. आणि आईकडून आलेला? त्यातला साठ टक्क्यांहून अधिक आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचा! म्हणजे बापे नॉर्वेचे आणि बायका बऱ्याचशा दुसऱ्याच देशांतल्या. काही लग्न होऊन आल्या असतील, पण कित्येक जणी धरून आणलेल्या होत्या, गुलाम म्हणून.

आइसलँडच्या जुन्या गद्यकथांना ‘सागा’ म्हणतात. त्यांतल्या ‘लाक्सदाइला सागा’त अशा एकीची गोष्ट आहे. होस्कुल्द नावाचा जमीनदार बाजारात एक दासी विकत घेतो, चांगली तिप्पट किंमत मोजून. ती मुकी आहे असं त्याला सांगितलेलं असतं. तिला मुलगा होतो. तो दोन वर्षांचा असताना एके सकाळी होस्कुल्दला ओढ्याकाठी बोलण्याचा आवाज येतो. बघतो तर ही ‘मुकी’ बाई लेकाशी बोलतेय, आपल्या आयरिश भाषेत! तिचं नाव मेलकोर्का. आयर्लंडच्या एका राजाची मुलगी, पंधराव्या वर्षी पळवलेली. सागा म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे, हे खरं. पण धन्याशी एक शब्दही न बोलणारी आणि लेकाशी मात्र मायबोलीत बोलणारी ही बाई मला इतिहासाइतकीच खरी वाटते.

खरी गंमत मात्र पुढे आहे. या सगळ्या तपासणीत आइसलँडच्या काही लोकांमध्ये एक असा मातृवंश सापडला, जो तिथे असायलाच नको होता. ‘सी१’ नावाचा. त्याच्या तोवर माहीत असलेल्या चार शाखांपैकी एक आशियातली आणि तीन अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या. मग युरोपच्या या टोकावर तो कुठून आला? आधी वाटलं, अलीकडे कुणीतरी आशियाई बाई लग्न होऊन आली असेल. पण वंशावळी तपासल्या तर हा वंश किमान तीनशे वर्षं तिथेच होता.

इथे मला आइसलँडच्या एका कागदाचं फार कौतुक वाटतं. १७०३ साली तिथे जनगणना झाली. सुमारे ५० हजार माणसं. त्यात नुसत्या कुटुंबप्रमुखांची नव्हे, तर घरातल्या बायका, लेकरं, गडी-मोलकरणी आणि गावाच्या आधारावर जगणारे निराधार, अशा सगळ्यांची नावं आणि वयं लिहिली गेली. साऱ्या देशातल्या प्रत्येक माणसाची अशी नावानिशी नोंद जगात पहिलीच मानली जाते. २०१३ मध्ये युनेस्कोने तिला ‘जगाची स्मृती’ या यादीत स्थान दिलं. अशी नोंद होती म्हणून तर आजच्या एका बाईपासून तिची आई, तिची आई, तिची आई असं मागे मागे जाता आलं.

२०१० साली सिग्रिदूर सुन्ना एबेनेसर्सदोत्तिर या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. हा मातृवंश मिरवणाऱ्या आजच्या ऐंशीएक माणसांच्या रेघा अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या फक्त चार बायकांपाशी जाऊन पोचत होत्या. त्या दक्षिणेकडच्या, वात्नायोकुल या अफाट हिमनदीच्या आसपासच्या. चौघींची कुणी एक समान पूर्वजा १७०० च्या आधीच, बहुधा त्याच्याही कित्येक शतकं आधी, बेटावर आलेली असणार. आणि तिची शाखा ना आशियातल्या शाखेशी जुळत होती, ना अमेरिकेतल्या तिन्हींशी. तिला नवं नाव द्यावं लागलं, ‘सी१ई’.

झालं! बातम्यांना ऊत आला. कोलंबसाच्या पाचशे वर्षं आधी आइसलँड-ग्रीनलँडचे लोक अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले होते, हे पक्कं ठाऊक आहे. न्यूफाउंडलंडमध्ये लान्स ओ मेडोज इथे त्यांच्या वस्तीचे अवशेष सापडले. जागा शोधली हेल्गे इंगस्टाड यांनी, १९६० मध्ये. पुढची आठ वर्षं उत्खनन चालवलं ते त्यांच्या पत्नीने, पुरातत्त्वज्ञ आन स्टिना इंगस्टाड यांनी. तिथल्या लाकडांतल्या वाढीच्या वर्तुळांवरून ती १०२१ साली तोडली गेली, हे २०२१ मध्ये सिद्धही झालं. पण मला त्या वस्तीतली सगळ्यात बोलकी वस्तू वाटते ती सूत कातायच्या चातीची दगडी चकती. तिथे बायका होत्या, याचा हा पुरावा. तलवार नव्हे, चाती!

तर मग त्या दर्यावर्दींनी अमेरिकेतली एखादी बाई आइसलँडला आणली असेल का? सागांमध्ये दोन जागा आहेत. एकीत गुद्रीद नावाची आइसलँडची स्त्री आपल्या तान्ह्या बाळाच्या, स्नोरीच्या, पाळण्यापाशी बसली आहे. तिथली एक अनोळखी बाई आत येते. गुद्रीद तिला नाव विचारते, स्वतःचंही सांगते. ती म्हणते, माझंही नाव गुद्रीद! तेवढ्यात बाहेर मारामारी सुरू होते आणि ती नाहीशी होते. दोन बायका एकमेकींना नाव विचारतात आणि पुरुषांच्या भांडणात बोलणं तुटतं. दुसऱ्या जागी हे लोक परतताना दोन स्थानिक मुलांना पकडून नेतात. सागाने त्या मुलांच्या आईचं नावसुद्धा दिलंय. पण ते मुलगे होते. आणि मुलगे, मघाशी म्हटलं तसं, हा वारसा पुढे नेऊ शकत नाहीत. म्हणजे तशी कुणी बाई आलीच असेल, तर तिच्याबद्दल सागाने अक्षरही लिहिलेलं नाही. तिची नोंद झाली ती फक्त तिच्या लेकींच्या शरीरात.

आणि मग २०१४ मध्ये गोष्टीने पुन्हा वळण घेतलं. रशियाच्या करेलिया भागात, ओनेगा सरोवरातल्या एका बेटावर, साडेसात हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान आहे. तिथल्या एका सांगाड्यात शास्त्रज्ञांना याच ‘सी१’ची आणखी एक शाखा सापडली, ‘सी१एफ’. आइसलँडच्या शाखेची आई नव्हे, फार तर लांबची बहीण. पण याचा अर्थ हा की, युरोपच्या ईशान्य कोपऱ्यात असे मातृवंश व्हायकिंगांच्या कितीतरी हजार वर्षं आधीच होते. तेव्हा ‘सी१ई’ अमेरिकेतून आला असेल, असं छातीठोकपणे म्हणणं आता कठीण झालंय. तो उत्तर युरोपातूनच, शिकारी टोळ्यांतल्या कुणा आदिम आजीकडून आला असणंही तितकंच शक्य आहे.

काहींचा यात विरस झाला असेल. मला उलट बरं वाटलं. पळवून आणलेली परदेशी सुंदरी ही गोष्ट आपल्याला चटकन आवडते, पण तिच्यात बाई पुन्हा कुणाची तरी लूटच असते. सरोवराकाठी मासे सोलणारी, लेकीला जन्म देणारी एखादी साधी बाई पुरत नाही का आपल्याला? आणि हा वंश दुर्मीळ का, याचंही उत्तर साधंच आहे. १७०७ च्या सुमारास देवीच्या साथीत या बेटावरची सुमारे पाव माणसं गेली. १७८३ मध्ये ज्वालामुखी फुटला, त्यामागून दुष्काळ आला, आणखी पाचवा हिस्सा गेला. त्यातून कुणा आईच्या दोन मुली वाचल्या, कुणाची एकही नाही. वंश टिकणं ही मोठेपणाची नव्हे, नशिबाची गोष्ट आहे.

म्हणूनच एक इशाराही द्यायला हवा. हल्ली पैसे भरून, नळीत थुंकी पाठवून आपला मातृवंश कळतो. बऱ्याच जणांना मग त्याचाच अभिमान चढतो. पण हिशेब करा. दहा पिढ्या मागे आपले १०२४ पूर्वज असतात आणि हा डीएनए सांगतो त्यातल्या फक्त एकीबद्दल. शिवाय या वंशाच्या हिशेबाने, जिला सगळे मुलगेच झाले तिची रेघ तिथे संपते! म्हणून काय तिला आपण निपुत्रिकेसारखं हिणवायचं? मुलाच्या हट्टाला मुलीचा हट्ट हे उत्तर नव्हे. मुद्दा एवढाच, की वंश एकाच बाजूने चालतो हा समज निसर्गाला ठाऊकच नाही. तो आपण कागदावर तयार केलेला आहे.

आणि आपला कागद कसा आहे? आपले कुलवृत्तांत बघा. मुलीचं नाव असलंच, तर लग्नापाशी तिची रेघ थांबते. श्राद्धाच्या संकल्पात आईच्या बाजूने आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा येतात, सपत्नीक. म्हणजे आईची आई येते ती नवऱ्याबरोबर. पण आजीची आई? तिला तिथे जागाच नाही. माझ्या आईच्या आईच्या आईचं सासरचं नाव मला ठाऊक आहे, कारण ते एका पितळी घागरीवर कोरलेलं आहे. तिचं माहेरचं नाव मी सगळ्या मावश्या-मामांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. लग्नात बदललं आणि पुसलं गेलं. आइसलँडमध्ये तीनशे वर्षांपूर्वीच्या निराधार बाईचं नाव मिळतं आणि माझ्या पणजीचं मिळत नाही, हे मला लागतं.

आपल्याकडे सगळं असंच होतं असंही नाही. सातवाहन राजा स्वतःला ‘गौतमीपुत्र’ म्हणवत होता आणि त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख नाशिकच्या लेण्यात आजही आहे. राज्य सरकारनेही २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लागेल. चांगलंच झालं. पण सरकारी कागदावर आई आली ती एका पिढीपुरती. आजी, पणजी अजून बाहेरच उभ्या आहेत, आणि त्यांना आत आणायला सरकार कशाला हवं?

त्यासाठी प्रयोगशाळाही नको. एक वही हवी आणि घरातल्या थोरल्या बाईजवळ बसायला एक दुपार. आई, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय? तिच्या आईचं? ती कुठल्या गावची? विचारा आणि माहेरच्या नावानिशी लिहून ठेवा. सुनेलाही तिच्या आजीचं नाव विचारा, कारण तुमच्या नातवंडांचा मातृवंश तिच्याकडून येणार आहे, तुमच्याकडून नव्हे! डीएनए हजारो वर्षं टिकतो, पण त्याला नाव ठाऊक नसतं. नाव टिकवायचं काम आपलं आहे, आणि ज्यांना ते सांगता येईल त्या सत्तरी-ऐंशीच्या बायका काही कायमच्या थांबणार नाहीत.