पंप केवढा नंतर, कुठे ते आधी

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कुणा एकाशी नाही. "टाकीला किती लिटरचा पंप घेऊ?" या प्रश्नाशी.

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला पुण्याच्या भाच्याने विचारला, त्याच्या दोन मित्रांनी विचारला, आणि ज्यांना आयुष्यात गप्पी माशापलीकडे काही पाळायचं नव्हतं अशा एका चुलत मेव्हण्यांनीही विचारला. सगळ्यांना रीफ टँक करायचा आहे. म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात खडक, खडकावर प्रवाळ, मधून नारिंगी-पांढरे पट्ट्यांचे मासे. हौस चांगली आहे. पण कुणीही मला असं विचारलं नाही की "मामा, पाणी या टोकाकडून त्या टोकाला जाऊन परत कसं येणार?" सगळ्यांना आकडा हवा असतो.

माझा धंदा शेतीच्या मोटारी बसवण्याचा. नंदुरबारात राहून घरात समुद्र का ठेवतो हे मला गावातल्या प्रत्येकाने विचारून झालेलं आहे, त्यामुळे ते सोडा. (नर्मदा आणि तापी दोन्ही आमच्या जिल्ह्याला शिवून समुद्राकडे जातात, मी थोडा समुद्र उलटा आणला, एवढंच!) आरओचं पाणी, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशोबाने तयार मीठ, आणि झाला समुद्र. खरं काम पुढे असतं.

दुकानदार सांगतो, टाकीतलं पाणी तासाला वीस वेळा फिरलं पाहिजे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी घ्या. साडेचारशे लिटर पाणी. वीसने गुणा, नऊ हजार. मग नऊ हजार लिटरचा पंप गिऱ्हाइकाच्या गळ्यात. हिशोब शाळेतल्या पोरालाही बरोबर वाटेल, पण विहिरीवर मोटार बसवलेला कुठलाही शेतकरी हसेल. तो पहिल्यांदा विचारेल, हेड किती? खोक्यावरचा आकडा हा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळणारा आकडा असतो. खालच्या संपातून (कामगारांचा नव्हे, टाकीखालची दुसरी टाकी) पाच फूट पाणी वर चढवा, मधे तीन एल्बो टाका, की छोट्या पंपाचं पाणी बहुतेक वेळा निम्म्यावर येतं किंवा त्याच्याही खाली जातं. आणि जे पोचतं ते एका नोझलमधून सरळ रेषेत समोरच्या काचेवर आदळतं. वाटेतल्या प्रवाळाचं मांस सोलून निघतं, आणि हातभर अंतरावर खडकाच्या मागे पाणी डबक्यासारखं उभं. आकडा मात्र पूर्ण!

प्रवाळ हा प्राणी आहे हे आपण विसरतो. तो एका जागी चिकटलेला आहे. मासा हवा कमी पडली तर वर येतो, घाण साचली तर बाजूला होतो. प्रवाळाला त्याचा श्वास, त्याचं जेवण आणि त्याचा उकिरडा, तिन्ही पाण्यानेच आणायचं आणि न्यायचं असतं. त्याच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ थर कायम चिकटून असतो आणि तो थर वाहत्या पाण्याने सतत झिजत राहावा लागतो. १९९८ साली जगभर समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, त्यानंतर ओकिनावात काम करणाऱ्या संशोधकांनी २००१ मधे एक गोष्ट मांडली: तेवढ्याच तापलेल्या पाण्यात, प्रवाह चांगला असेल तिथले प्रवाळ तगण्याची शक्यता जास्त. हे वाचल्यापासून मी थर्मामीटरइतकंच लक्ष प्रवाहाकडे देतो.

आणि हा प्रवाह एका दिशेचा नको. आपल्याला जवळचं उदाहरण कच्छच्या आखाताचं. जामनगरजवळ १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, नराराला ओहोटीच्या वेळी लोक चालत जाऊन प्रवाळ बघतात. तिथलं पाणी काही लक्षद्वीपसारखं आरसपानी नाही, चांगलं गढूळ असतं. तरी प्रवाळ आहेत, कारण भरती-ओहोटी पाण्याची दिशा दिवसातून अनेकदा फिरवते आणि अंगावर बसलेला गाळ उचलून नेते. एकाच बाजूने वारा लागला तर झाड वाकडं वाढतं ना, तसंच इथेही.

प्रवाळाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो, नाहीतर भाच्याचे मित्र उद्या कुठून तरी पिशवीत घालून फांद्या घेऊन येतील. कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. २०२० मधे मुंबईच्या कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीचे प्रवाळ हलवायचे होते तर महापालिकेलासुद्धा वनखात्याची परवानगी काढावी लागली. तुम्हीआम्ही कोण? मऊ प्रवाळांपैकी काही या यादीबाहेर आहेत, माझ्याकडे तेवढेच आहेत, आणि तेही कुठून आले हे विचारून, बिल घेऊन. "साहेब, कोण बघतंय" म्हणणाऱ्या दुकानातून उठून यायचं. असो.

तर मुद्दा जागेचा. आम्ही खानदेशी लोक याबाबतीत खरं तर कुणाचं ऐकून घेऊ नये असे. पांझरेवरची फड पद्धत आठवा. शेकडो वर्षांपूर्वी, मोटार नावाची वस्तू नसताना, लोकांनी नदीला बंधारा घातला, उताराने पाट काढला, फड पाडले, आणि जादा पाणी पुन्हा नदीत कुठून उतरणार त्याचीही वाट ठेवली. आधी जमीन पाहिली, मग पाणी आणलं. आणि त्याच खानदेशात तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले, पाणी डोळ्यांसमोर तुडुंब, आणि ते शेतात चढवणाऱ्या उपसा योजना मात्र कित्येक वर्षं बंद पडून राहिल्या. पाणी असणं आणि पाणी पोचणं यात केवढं अंतर आहे, हे आम्हाला तरी कुणी शिकवायला नको. पण काचेची टाकी आली की आम्हीसुद्धा हॉर्सपॉवर विचारायला लागतो!

टाकी कागदावर काढा. वरून कशी दिसते ते आणि समोरून कशी दिसते ते. आधी खडक मांडा, पंप नव्हे. खडकांची भिंत मागच्या काचेला टेकवून रचण्याची जी फॅशन आहे ती मला मुळीच पटत नाही. फोटो छान येतो, पण भिंतीच्या मागे पाणी मरतं. मागे हात जाईल एवढी जागा सोडा, मधे बोगदे ठेवा. मग दोन पंखेवाले पंप घ्या, ज्यांचा झोत रुंद आणि मऊ असतो. दोन टोकांना लावा, पण एकमेकांच्या अगदी समोरासमोर नको. एक वर, पृष्ठभागाकडे किंचित वळवलेला, म्हणजे पाण्यावर सुरकुत्या उठतील आणि हवा मिसळेल. दुसरा मागच्या काचेच्या कडेने, खडकामागून पाणी ढकलणारा. दोघे आळीपाळीने चालू द्या, सहा तास हा, सहा तास तो. वाळूवर रोखून एकही नको, नाहीतर रोज सकाळी टाकीत वाळवंट. मग माशांच्या खाण्याची चिमूट टाका आणि चहा घेऊन समोर बसा. कण जिथे जाऊन बसतात आणि उठत नाहीत, तिथे तुमचा नकाशा चुकला. पंप दोन बोटं फिरवा, पुन्हा चिमूट. माझी एक अख्खी दिवाळीची सुट्टी यात गेली, आणि बायकोच्या मते ती माझी सगळ्यात शांत दिवाळी होती :)

"मामा, मग चार मोठे पंप लावले की सगळीकडे पाणी पोचेलच ना?" इति भाचा. पोचेल बाबा. आणि उकळेलसुद्धा. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी पाण्यात उष्णता म्हणून उतरते. चाळीस वॉटचे चार पंप म्हणजे एकशे साठ वॉट. साडेचारशे लिटर पाणी त्याने, उष्णता बाहेर जायला वाट नसेल तर, साधारण सव्वातीन तासांत एक अंश चढतं. पुण्यात चालून जाईल कदाचित. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर चाळिशी ओलांडलेली असते आणि प्रवाळाला हवं असतं पंचवीस-सव्वीस. मग चिलर घ्या, त्याचं बिल भरा...

ज्यांना खरंच लाट हवी आहे त्यांनी वासुदेवाचा पेला आठवावा. जुन्या घरांत असायचा तो पितळी पेला, वासुदेवाच्या डोक्यावर बाळकृष्ण, पाणी बाळाच्या पायाला लागलं की सगळं तळाच्या भोकातून निघून जायचं. आत लपवलेली वक्रनलिका, दुसरं काही नाही. होनोलुलूच्या वायकिकी मत्स्यालयाचे ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखली जाणारी लाटेची युक्ती नेमकी हीच आहे. टाकीच्या वर एक पिंप, छोटा पंप ते हळूहळू भरतो, पाणी नळीच्या वाकापर्यंत चढलं की अख्खं पिंप धबकन टाकीत उतरतं, हवा शिरते, नळी थांबते, पुन्हा भरणं सुरू. एक लहान पंप आणि समुद्राच्या जवळ जाणारा हिसका. बुडबुडे फार होतात, मिठाचे शिंतोडे उडतात आणि दर काही मिनिटांनी फ्लश ओढल्यासारखा आवाज येतो, त्यामुळे दिवाणखान्यात करायची तर घरच्यांची लेखी परवानगी घ्या.

आता वीज. वीज जाणार हे धरून आखणी करा, कारण ती जाणारच. दुकानात कुणी हे सांगत नाही. संपातून वर येणाऱ्या नळीचं तोंड पाण्यात किती खोल आहे? मेव्हण्यांनी ते आवाज नको म्हणून दहा सेंटिमीटर खाली ठेवलं होतं. चार बाय दोनच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ साडेसात लिटर. रात्री वीज गेली, पंप थांबला, नळी उलटी ओढायला लागली आणि पंचाहत्तर लिटर खारं पाणी खाली आलं. संप काठोकाठ भरलेला, बाकीचं फरशीवरून थेट गाद्यांपर्यंत. मेव्हणे म्हणतात पंप खराब निघाला. पंपाने बिचाऱ्याने काय केलं?

तेव्हा नळीचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा, संपात तेवढं पाणी मावेल इतकी जागा रिकामी ठेवा, आणि बॅटरीवरचा एक हवेचा पंप तयार ठेवा, कारण कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी असतो आणि रात्री मासे आधी जातात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात शंख अडकतात. त्यापेक्षा नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडा. पंप बंद पडला, पातळी किंचित उतरली, की भोकातून हवा शिरते आणि उलटी ओढ तुटते. ते भोक मिठाने आणि शेवाळाने बुजतं. दर रविवारी काडी घालून मोकळं करायचं.