न पाहिलेल्या मालिकांची आठवण

रत्नागिरीत राहून दूरदर्शनच्या जुन्या दिवसांबद्दल हळवं होणं जरा अवघडच आहे. मुंबई-पुण्याकडची आमच्या वयाची माणसं 'चिमणराव' म्हटलं की लगेच दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ डोळ्यांसमोर उभे करतात, एखादा संवादही म्हणून दाखवतात. आम्ही मान डोलावतो, हसतो. लग्नाच्या पंगतीत वाद कशाला घालायचा? खरं सांगायचं तर ती मालिका आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्याने ते पुण्यात पोचवलं. चिमणराव पडद्यावर आला १९७७च्या सुमारास. वरळीच्या मनोऱ्यापासून आम्ही रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर लांब, आणि मध्ये एकामागून एक डोंगर. हौशी मंडळींनी माडाएवढ्या उंच बांबूवर अँटेना चढवून पाहिल्या. मुंग्या तेवढ्या दिसल्या. चिमणरावाचे लेखक चिं. वि. जोशी आम्हाला पुस्तकातून माहीत होते, तेवढ्यावर भागलं. १९७९मध्ये याच जोडीचा सिनेमा निघाला. सिनेमाचं रीळ एसटीच्या टपावरून गावोगाव जाऊ शकतं, मालिकेला ती सोय नव्हती.

पुढे १९८४ साली सरकारने प्रक्षेपण केंद्रांचा धडाका लावला, काही महिने तर देशात रोज एक केंद्र या हिशेबाने. त्या लाटेत आडगावांपर्यंत चित्र पोचलं, पण लहान केंद्रं उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम तेवढा पुढे सोडत. म्हणजे कोकणातल्या पुष्कळ घरांत टीव्ही आला तोच हिंदी बोलत आला. 'हम लोग'मधल्या बडकीच्या लग्नाची काळजी आमच्या आळीतल्या बायकांनी स्वतःच्या पुतणीची करावी तशी केली. 'रजनी'तली प्रिया तेंडुलकर मराठी आहे एवढाच काय तो आमचा मराठी कार्यक्रम. मराठी मालिका 'गोट्या' येईतो नव्वद साल उजाडलं होतं.

त्यामुळे जुन्या मालिका कॅसेटवर, चकतीवर किंवा आता मोबाइलवर मिळू लागल्या, याचा अर्थ मुंबईच्या माणसाला एक आणि आम्हाला दुसरा. त्याच्या लेखी ते पुन्हा पाहणं. आमच्या लेखी पहिलाच खेळ, तोही वीस-तीस वर्षं उशिराने. आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनात नसते शंका येतात. 'अरे, हे तर संथ आहे' असं म्हणायची मुभा आम्हालाच आहे, कारण आमचं बालपण त्यात अडकलेलं नाही. पु.लं.चा अंतू बर्वा ज्या गावचा, त्या गावाने कुठलीही गोष्ट आधी नाक मुरडल्याशिवाय मान्य करायची नसते, हाही एक भाग आहेच.

व्हीसीआरच्या दिवसांत दादरचा आमचा आतेभाऊ मालिका घरीच टेप करायचा आणि मे महिन्यात येताना कॅसेटी घेऊन यायचा. त्यात मधल्या जाहिराती असायच्या, 'व्यत्यय'ची पाटी असायची, एकदा तर बातम्यांचा शेवटही आला होता. कंपनीने विकलेल्या कॅसेटीत हे सगळं काढून टाकलेलं असतं. कॅसेट टिकवणं ही मात्र इथे वेगळीच कला. रत्नागिरीच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते आणि ती कॅसेट एकदा लावली की व्हीसीआरचं हेड चोंदतं, मग पुढची चांगली कॅसेटही खराखरा करते. म्हणून पावसाआधीच्या आगोटच्या तयारीत आमच्याकडे पडवीत कोकमं, आंब्याची साठं आणि कॅसेटी एकाच वेळी वाऱ्याला लागत. कोकमं उन्हात, कॅसेटी सावलीत. आई प्रत्येक कॅसेट उघडून नाकाला लावायची. बुरशीचा वास तिला रिपेअरवाल्याच्या आधी कळायचा.

मग व्हीसीडी आल्या. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या बॅगेत अगरबत्ती, मोदकाचा साचा आणि 'वस्त्रहरण'ची व्हीसीडी. आमच्याच राजापूर तालुक्यातल्या गंगाराम गवाणकरांचं हे नाटक मुंबई गाजवून चकतीवरून घरी परत आलं. व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तासाचं चित्र मावतं, त्यामुळे अडीच तासांच्या नाटकाला दोन नाहीतर तीन चकत्या, आणि विनोद ऐन रंगात आला की कुणीतरी उठायचं. २००७मध्ये मोझर बेअर कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, आणि भाड्याने चकत्या देणाऱ्या दुकानांचा धंदाच बसला. मासळीच्या वाट्यापेक्षा सिनेमा स्वस्त झाला. पुढे ती कंपनीही बुडाली.

या साऱ्या गर्दीत सिनेमे होते, नाटकं होती. मराठी मालिका मात्र शोधाव्या लागत. याचं कारण लोकांना त्या नको होत्या असं नाही. कारण मालकीचं आहे, आणि ते कुणी नीट सांगत नाही.

दूरदर्शनने सुरुवातीच्या काळात मालिका आपल्याच स्टुडिओत, आपल्याच पगारदार निर्मात्यांकडून करून घेतल्या. टेप परदेशी आणि महाग. एक कार्यक्रम झाला की तीच टेप पुसून दुसऱ्यासाठी वापरायची, ही तेव्हाची सर्रास रीत. कार्यक्रम पुन्हा कुणी पैसे देऊन पाहील हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, कारण पाहायचं यंत्रच घराघरांत नव्हतं. 'चिमणराव'चे आज जे भाग पाहायला मिळतात ते अगदी मोजके आहेत. १९८४नंतर प्रायोजित मालिकांचा काळ आला, बाहेरचे निर्माते आले आणि पुष्कळांनी मूळ टेप स्वतःच्या कपाटात ठेवल्या. रामानंद सागरांचं 'रामायण', चोप्रांचं 'महाभारत' यांच्या डीव्हीडी निघाल्या, टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं आणि १६ एप्रिल २०२०च्या एका भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं. हे सगळं शक्य झालं कारण त्या मालिकांना कुणीतरी धनी होता. जे सरकारी, म्हणजे सगळ्यांचं होतं, ते कुणीच राखलं नाही. आमच्याकडे सामाईक बागेतल्या आंब्याला खत घालायला कुणी येत नाही, तसंच हे.

यात आपणच एकटे करंटे नाही. बीबीसीनेही साठच्या दशकातले 'डॉक्टर हू'चे कितीतरी भाग पुसले. पुढे त्यांतले काही सापडले ते बरेचसे परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रतींतून. २०१३मध्ये नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरात मिळाले आणि लगेच विक्रीला आले. तिथे चित्रफीत विकता येते हे कळल्यावर जुनं शोधण्याला पैशाचं बळ मिळालं. आपल्याकडे तो बाजार उभा राहीपर्यंत टेपवर दुसरंच काही चढलं होतं.

चकतीवर आलेल्या मालिकांपैकी मला सगळ्यात जवळची वाटली ती 'मालगुडी डेज', आणि त्यात मराठी शब्द एकही नाही. शंकर नागने ऐंशीच्या दशकात आर. के. नारायणांच्या कथांवर केलेली मालिका. चित्रण बरंचसं आगुंब्याला, सह्याद्रीच्याच कुशीत. ती कौलं, तो जांभा, सारवलेली जमीन, पागोळ्यांखाली उभा असलेला शाळकरी मुलगा. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये केलेल्या मराठी मालिकांपेक्षा ते घर आम्हाला ओळखीचं. मध्यंतरी त्या भागातल्या अरसाळू स्टेशनाचं मालगुडी संग्रहालय केलं. कोकणातल्या कादंबऱ्यांवर कुणी अशी मालिका का केली नाही? श्री. ना. पेंडशांची दापोली-हर्णैची सगळी दुनिया तयार पडली होती. असो. हा विषय काढला की माझा लेख दुसरीकडेच जातो.

डीव्हीडीला मालिका शोभायची ती आणखी एका कारणाने. दूरदर्शन मालिकेला मंजुरी द्यायचं ती तेरा भागांची, म्हणजे एका तिमाहीची. आठवड्याला एक भाग, तेरा आठवडे, गोष्ट संपली. लेखकाला शेवट माहीत असायचा. असे तेरा भाग तीन-चार डीव्हीडींत बसतात आणि पावसाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी पाहून होतात. आजच्या दैनंदिन मालिकेचे हजार भाग होतात. बावीस मिनिटांचा भाग धरला तर दीडशेहून जास्त डीव्हीडी लागतील. त्या ठेवायला खोली आणि पाहायला पेन्शन हवी.

केबल आल्यावर आम्ही मुंबईच्या बरोबरीने पाहू लागलो, आणि त्यातली सगळ्यात लाडकी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. चिमणराव आमचा हुकला होता, पण आबा टिपरे हुकले नाहीत. माणूस तोच, प्रभावळकर, आता आजोबा झालेला. ही मालिका त्यांच्या 'अनुदिनी' या वर्तमानपत्री सदरातून निघाली. आम्हा सदर लिहिणाऱ्यांना ही हकीकत उगाच आशा लावते.

आता डीव्हीडीही गेली. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाचं ॲप आणलं, यूट्यूबवरही जुनं बरंच चढतं. चांगलंच आहे. पण ॲपवरची मालिका आज असते, उद्या हक्कांचा वाद झाला की नसते, आणि ती कधी गेली हे आपल्याला कुणी कळवत नाही. चकती कपाटात असली की निदान आपल्याच हाताने हरवते.

माझं म्हणणं एवढंच, की मालिकेला वाचनालयात जागा हवी. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. दोन वर्षं कमी-जास्त, द्विशताब्दी दारात आली. चिं. वि. जोश्यांचं पुस्तक तिथे मागितलं तर मिळतं. मालिकेचं तसं का नसावं? प्रसार भारतीने आपल्याकडे उरलेल्या मराठी मालिका साफ करून, कलाकारांची आणि तंत्रज्ञांची पूर्ण नावं, प्रक्षेपणाच्या तारखा छापून, प्रत्येक जिल्ह्याच्या मोठ्या वाचनालयाला एक संच द्यावा. विकू नये, द्यावा. पैसे आपण परवान्याच्या रूपाने कधीच भरलेत. टीव्हीला परवाना लागायचा हे ज्यांना आठवतं त्यांना हा मुद्दा पटेल. ज्या गावांना तेव्हा मनोरा मिळाला नाही, त्यांना संच आधी द्यावा.

शेजारच्या बापूकाकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "संच येईल रे, पण लावणार कशावर? प्लेअर आहे कुणाकडे?" मी म्हटलं, तुमच्याकडे आहे ना एक. "आहे की. माळ्यावरून काढ आणि घेऊन जा. फक्त आत एक नाटक अडकलंय दोन हजार अकरापासून, दुसरा अंक. तेवढा बाहेर निघाला तर मला आणून दे, पहिला मी पाहिलाय."