धूर गेला, मालक बदलला, पब टिकला!

इंग्लंडमधला पब म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे. आपल्याकडे गावच्या पारावर जे चालतं, ते तिथे पबमध्ये चालतं. गप्पा, राजकारण, रुसवेफुगवे... सगळं! जुन्या पबांत कामगारांसाठी साधा बार असे आणि जरा बऱ्या मंडळींसाठी गादीच्या खुर्च्या असलेली 'स्मोक रूम'.

बर्मिंगहॅमलगतच्या स्मेदिकमध्ये फाउंड्रीत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना साठच्या दशकात अनेक पबांत या खोलीची दारं बंद होती. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स हे इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल यांच्यासोबत तिथल्या 'ब्ल्यू गेट्स' पबात गेले. स्मोक रूममध्ये त्यांना पेय द्यायला चक्क नकार मिळाला! पुढे नऊच दिवसांनी न्यू यॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनने सार्वजनिक जागी वर्णभेद करायला मनाई करणारा कायदा केला.

नंतर पबांचे मालकही बदलले. पूर्वी हजारो पब बड्या ब्रुअरींच्या ताब्यात होते. २,००० हून अधिक पब असलेल्यांनी जादा पबांपैकी निम्मे आपल्या बंधनातून मोकळे करावेत, असा आदेश सरकारने १९८९ मध्ये काढला. हेतू चांगला, पण झालं भलतंच! ढिगाने पब नव्या कंपन्यांकडे गेले. चालवणाऱ्याने भाडं त्यांना द्यायचं आणि बिअरही त्यांच्याकडूनच घ्यायची, तीही चढ्या भावाने.

त्यात धूम्रपानबंदी आली. पबमध्ये काम करणाऱ्यांनी दुसऱ्यांचा धूर का गिळायचा, हा तिच्यामागचा साधा सवाल. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी सुरुवात केली, स्कॉटलंड २००६ मध्ये मागोमाग आलं आणि १ जुलै २००७ पासून इंग्लंडच्या पबांतला धूर निवला. नेहमीची काही गिऱ्हाइकं घरी बसली. मात्र सगळा दोष बंदीचा नव्हे. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, वाढती भाडी आणि २००८ ची मंदी यांनीही पबांचं कंबरडं मोडलं. २००० मध्ये देशात सुमारे ६० हजार पब होते. वीस वर्षांत ते ५० हजारांच्या खाली आले.

मग तगलं कोण? ज्यांनी चूल पेटवली ते! स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच भागात पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतलेले 'देसी पब' आज प्रसिद्ध आहेत. तव्यावर चर्रर्र करत येणारं मिक्स्ड ग्रिल, तंदुरी चिकन, गरमागरम नान! धूर नसल्याने बायकामुलंही निर्धास्तपणे जेवायला येतात. एकाच टेबलावर गोरे आजोबा आणि सरदारजी फुटबॉलवर हुज्जत घालतात.

भारतातही २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. कायदा कडक असला की धंदा बुडतो, अशी ओरड इथेही होते. स्मेदिककडे पाहावं. ज्यांना एके काळी स्मोक रूममधून परत पाठवलं जाई, त्यांचीच मुलं-नातवंडं आज तिथे गल्ल्यावर बसतात... आणि दार सगळ्यांना उघडं ठेवतात!