सभेत गप्प बसणाऱ्यांस

धम्मदीक्षेने माणूस जातीच्या बाहेर पडतो. समूहाच्या बाहेर मात्र तो पडत नाही, आणि पडूही नये. दीक्षा घेतलेले कुटुंब दुसऱ्याच दिवसापासून एका नव्या समूहाचे घटक होते. विहाराची समिती, महिला मंडळ, जयंतीची वर्गणी, मुलांची अभ्यासिका, या सर्व ठिकाणी त्यास इतरांबरोबर बसून निर्णय घ्यावे लागतात. वाचकहो, घरातले देव्हारे आपण एका दिवसात उतरविले. परंतु चारचौघांत वागण्याच्या जुन्या सवयी त्या दिवशी उतरल्या काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावयास हवा.

आपल्या भाषेत म्हण आहे : पाचामुखी परमेश्वर. परमेश्वर आपण सोडला. पण पाचांच्या मुखातून तो अजून बोलतो असे समजून मान डोलावण्याची खोड सुटलेली नाही. समितीची बैठक भरते, अध्यक्ष खर्चाचा एक आकडा सांगतात, दोघे-तिघे 'बरोबर आहे' म्हणतात, आणि ठराव संमत होतो. ज्यांस तो पटलेला नसतो ते घरी जाताना रस्त्यात बोलू लागतात. सभेत बोलावयाचे ते रस्त्यात बोलले गेले की त्याची कुजबुज होते, आणि कुजबुजीची पुढे फूट होते. एकाच वस्तीत दोन समित्या आणि दोन जयंत्या होतात, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा सिद्धांताचा वाद नसतोच. वेळेवर न विचारलेला एक साधा प्रश्न असतो.

हा दोष केवळ आपला आहे असे मानून खंत करण्याचे कारण नाही. अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात या स्वभावाची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांस एक रेघ दाखवावयाची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्या लांबीची कोणती, हे सांगावयास लावावयाचे. प्रश्न इतका सोपा की एकट्याने उत्तर देणारा शंभरात एकदाही क्वचितच चुके. परंतु आधी ठरवून ठेवलेल्या मंडळींनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले, तेव्हा शंभरांतील सुमारे ३७ उत्तरे चुकली. डोळ्यांना दिसत होते ते माणसांनी चारचौघांखातर नाकारले. तथापि याच प्रयोगात दोन गोष्टी धीर देणाऱ्याही आढळल्या. सुमारे चतुर्थांश विद्यार्थी एकदाही डगमगले नाहीत. आणि त्या मंडळींत खरे सांगणारा एकच साथीदार बसविला, तेव्हा चुकांचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशावर आले. सभेत गप्प बसणाऱ्या बंधूंनो व भगिनींनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपल्या एका मताने ठराव पडेल असे नाही; परंतु आपल्या शेजारी तोच प्रश्न मनात घेऊन बसलेल्या दुसऱ्याचे तोंड त्याने उघडेल.

समूहाचा दुसरा रोग आळसाचा. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजला आणि १९१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठजण एकत्र ओढू लागले तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर, तो एकटा असता लावीत होता त्याच्या निम्म्यावर आला. याचे काही कारण जोर एकाच क्षणी न लागणे हे होते, काही कारण दुसरा ओढतोच आहे हा भरवसा. आपल्याकडे यास 'बारभाईंची खेती' म्हणतात. 'अभ्यासिका सर्वांनी मिळून चालवावी' असा ठराव ज्या समितीने केला, तिथे कुलूप उघडावयास कोणीही येत नाही. 'सोमवार ते शनिवार अमक्याने, रविवारी तमकीने उघडावी' असा ठराव केला, तर न उघडल्याचा जाब विचारता येतो.

या रोगांवर औषध परदेशातून आणावयास नको. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले होते की भिक्खुसंघास सभाशास्त्राचे नियम ठाऊक होते आणि संघ ते पाळीत होता. विनयात ते नियम आजही वाचावयास मिळतात. कार्याच्या प्रकारानुसार चार, पाच, दहा किंवा वीस भिक्खूंची गणपूर्ती लागे. आजारी भिक्खू आपली संमती दुसऱ्याकरवी कळवी. प्रथम प्रस्ताव मांडावयाचा, त्यास ञत्ति म्हणत. महत्त्वाच्या कामी त्यानंतर तो तीनदा संघास ऐकवावयाचा, आणि प्रत्येक वेळी सांगावयाचे की ज्यास मान्य असेल त्याने मौन राखावे, ज्यास अमान्य असेल त्याने बोलावे. मतभेद न मिटल्यास शलाका वाटून बहुमत घेत. शलाका गुप्तपणे, उघडपणे किंवा कानात सांगून, अशा तीन रीतींनी घेतल्या जात. शलाका गोळा करणारा भिक्खू कसा असावा, तर प्रेम, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा, आणि कोणाची शलाका घेतली व कोणाची राहिली हे जाणणारा.

मौनाला संमती संघानेही मानले. पण ते कोणते मौन? ज्यापूर्वी प्रस्ताव स्वच्छ शब्दांत मांडला गेला आहे आणि विरोधकास बोलण्याचे आमंत्रण तीनदा दिले गेले आहे, ते मौन. अध्यक्षाकडे पाहून राखलेले मौन ही संमती नव्हे, ते भय होय.

विरोधी मत ऐकले की एकजूट मोडते, अशी भीती काहींस वाटते. महाडचा इतिहास त्यांनी आठवावा. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषद भरली तेव्हा चवदार तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा मनाई हुकूम आलेला होता. जमलेल्या हजारो लोकांचे मन सत्याग्रह करावा असेच होते. पुष्कळांनी तुरुंगात जाण्याच्या तयारीने नावे नोंदविली. चर्चेनंतर बाबासाहेबांनी स्वतः सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. लोक हिरमुसले, तरी त्यांनी तो ठराव मानला, तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक काढली, आणि लढा न्यायालयात चालविला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. एवढ्या मोठ्या समूहाने निर्णय बदलला आणि तो फुटला नाही, कारण तो सर्वांसमक्ष, कारणे सांगून बदलला गेला.

कायद्याचीही दोन वचने लक्षात असू द्या. महाराष्ट्रात नोंदलेल्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेवर १९५० च्या कायद्याने हिशेब ठेवण्याचे व ते तपासून घेण्याचे बंधन आहे. तेव्हा हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे, ते कर्तव्य आहे. आणि मतभेदाबद्दल कोणास वाळीत टाकणे, त्याच्या घरच्या लग्नास वा मयतीस जाऊ नका असे बजावणे, ही जातपंचायतीची रीत आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा २०१७ मध्ये अमलात आला. त्यान्वये या कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या पंचायतीच्या जाचातून आपण बाहेर पडलो तिचे नाव बदलून ती विहारात बसविणे, यापरते दुर्दैव नाही.

म्हणून पुढील बैठकीस जाताना एवढे करावे. विषय आधी लेखी मागावे. ठराव सचिवाने शब्दशः वाचून दाखवावा, आणि 'कोणास अमान्य आहे काय?' असे तीनदा विचारावे. अध्यक्षांनी आपले मत सर्वांच्या शेवटी सांगावे. मागे बसलेल्या भगिनींस आधी विचारावे, कारण वर्गणीची झळ त्यांच्या चुलीस प्रथम लागते. प्रत्येक कामापुढे एक नाव व एक तारीख इतिवृत्तात लिहावी, आणि ते इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचून कायम करावे.

दुसऱ्याने विचारावे म्हणून थांबू नका. तोही तुमच्याचसाठी थांबला आहे.