व्हिसेरा म्हणजे काय? घरच्यांनी समजून घ्यावे असे काही



खरिपात बार्शीटाकळी तालुक्यात कुठल्याही शिवारात जा, पाठीवर पंप लावलेला माणूस दिसतोच. कपाशी छातीएवढी वाढली की फवारा झाडाइतकाच अंगावरही उडतो. संध्याकाळी डोके दुखते, मळमळते, घाम सुटतो. "ऊन लागलं असंल," म्हणून लिंबूपाणी देऊन माणसाला झोपवतात.

अशाच एका घरी मी मय्यतीला गेले होते. माणूस रात्री घरीच गेला. कुणीतरी म्हणाले, पोलिसांना कळवा, पोस्टमॉर्टेम करा. मोठा मुलगा रडत म्हणाला, "अब्बांची चिरफाड नको." वडीलधाऱ्यांनीही मान हलवली. जोहरच्या नमाजनंतर दफन झाले. महिन्याभराने तोच मुलगा कागद घेऊन कृषी कार्यालयात गेला. तिथे विचारणा झाली: पंचनामा? पोस्टमॉर्टेमचा अहवाल? सी.ए. रिपोर्ट? त्याच्याकडे यांतले काहीच नव्हते. अम्मी इद्दतीत, पदरात दोन मुली, आणि हातात फक्त मृत्यूचा दाखला.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत फवारणीच्या विषबाधेने मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात. आत्महत्येला मात्र ते मिळत नाहीत. म्हणूनच विष होते का, कोणते होते आणि अंगात कसे गेले, हे कागदावर यावे लागते. ज्या मजुराच्या नावावर शेत नाही त्याने बँकेतून वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलेला असेल, तर तिथेही असेच कागद मागतात.

आता व्हिसेरा म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे समज आहे की डॉक्टर सगळे अवयव काढून घेतात. तसे नाही. जठर आणि त्यातील अन्न, लहान आतड्याचा साधारण फूटभर भाग, यकृताचा तुकडा, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे-अर्धे भाग, थोडे रक्त आणि मिळाल्यास लघवी, एवढेच नमुने घेतात. जठर-आतडे एका बरणीत, यकृत-मूत्रपिंड दुसऱ्या बरणीत ठेवतात. वरून घालतात ते बहुधा साध्या मिठाचे दाट पाणी. फॉर्मेलिन वापरत नाहीत, कारण त्याने विषाची तपासणी बिघडते. मिठाच्या त्या पाण्याचाही नमुना सोबत जातो, म्हणजे विष पाण्यातूनच आले असे कुणी म्हणू नये. बरणीला सील लागते आणि पोलीस ती न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचवतात. अमरावतीत अशी प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. तिथून येतो तो सी.ए. रिपोर्ट. मय्यत मात्र शिवून घरच्यांच्या ताब्यात मिळते. गुस्ल, कफन, जनाजा सगळे होते. गरजेपुरत्या तपासणीला अनेक उलेमांनी परवानगी दिली आहे. मनात शंका असेल तर आपल्या मौलाना साहेबांना विचारा. संशयास्पद मृत्यूत कायद्यानेही पोलिसांना चौकशी करावीच लागते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फवारणीचे विष कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाते. तेव्हा जठरात काहीच सापडले नाही, असे होऊ शकते. माणूस दवाखान्यात आठवडाभर उपचार घेऊन गेला असेल तर शरीराने विष मोडूनही टाकलेले असते. मग रिपोर्टवर येते, "विष आढळले नाही." त्याचा अर्थ विषबाधा झालीच नव्हती, असा नव्हे. १९५६ मध्ये पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांचा मुंबईच्या रुग्णालयात मृत्यू झाला. त्यांच्या व्हिसेऱ्यात विष सापडले नव्हते. तरीही इतर पुराव्यांवरून डॉ. अनंत लागू दोषी ठरले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती शिक्षा कायम ठेवली. तो खटला खुनाचा होता, आपला विषय अपघाताचा. पण धडा एकच: बरणी बोलली नाही तरी बाकीचे पुरावे बोलतात. ते जपणे घरच्यांच्या हातात असते.

म्हणून त्रास सुरू होताच दवाखान्यात न्या. "हा माणूस आज फवारणी करत होता," हे पहिल्या मिनिटाला सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. औषधाची बाटली किंवा पुडी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना उपचारही नेमका करता येतो. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांनी रक्तातील कोलिनेस्टरेज कमी होते. ही तपासणी होईल का, असे विचारा. रक्त शक्यतो सुरुवातीलाच घेतलेले बरे. पोट धुतले तर ते पाणी जपून ठेवायला सांगा. फवारणीचे कपडे काढा, पण धुऊ नका. हातमोजे घालून वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा, तोही पुरावाच आहे. पोलीस केसचा नंबर लिहून ठेवा आणि रिपोर्ट आला का, याची अधूनमधून चौकशी करा.

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यांत पोचले. आपल्या अकोल्यासह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी आली. नंतर बंदी संपली. पंप आजही पाठीवर आहेतच.

भगिनींनो, फवारणीहून आलेल्या माणसाला आधी साबणाने आंघोळ घाला, मग जेवण वाढा. त्याच्या बोलण्यात जडपणा आला, तोंडाला लाळ सुटली किंवा बाहुल्या बारीक दिसल्या, तर सकाळची वाट पाहू नका. अल्लाह सर्वांना सलामत ठेवो. पण घरावर तशी वेळ आलीच, तर दोन तास उशिरा झालेल्या दफनाने मय्यतीचा मान कमी होत नाही. मागे राहिलेल्यांचा हक्क मात्र त्या दोन तासांत वाचू शकतो.