गिऱ्हाईक सही करायला तयार आहे, तरी बाईकला कारचा टायर चढवू नका

टायरचं दुकान चालवणाऱ्यांसाठी आणि काढायचा विचार करणाऱ्यांसाठी आजचा लेख आहे. व्हिडिओमध्ये हा विषय मी दहा मिनिटांत उरकला. सगळं टेक्निकल सांगितलं आणि धंद्याचा मुद्दाच राहिला. तो इथे लिहितो.

मे महिन्यात माझ्याकडे एक जुना गिऱ्हाईक आला. 650 ची क्रूझर, मागे 150/80-16 टायर, मधोमध पार सपाट झालेला. म्हणाला, "दादा, बाईकचा टायर नको. कारचा 195/60 आर 16 टाका. उंची जुळते, मी हिशोब केलाय." हिशोब खरा होता. दोन्हीच्या उंचीत जेमतेम 6 मिलिमीटरचा फरक येतो. स्विंगआर्ममध्ये रुंदी बसत नाही हेही त्याला माहीत होतं. लेथवाल्याशी बोलून ठेवलं होतं, स्पेसर करून घेणार होता.

हे त्याने अमेरिकन व्हिडिओंमध्ये पाहिलेलं. तिकडे याला 'डार्क साइड'ला जाणं म्हणतात. होंडा गोल्ड विंगसारख्या अवजड टूरिंग बाईकवाल्यांमध्ये हा पंथ जुना आहे. आणि एक सांगतो, ती माणसं मूर्ख नाहीत. शेकडो मैल सरळ महामार्ग, मागे सामान आणि जोडीदार. बाईकचा मागचा टायर मधे झिजून चौकोनी होतो, काठ मात्र कोरा राहतो. मग ते म्हणतात, मी सरळच चालवतोय तर सपाट टायर का नको? शिवाय त्यांच्या गाडीचं माप जवळचं आहे. 2017 पर्यंतच्या गोल्ड विंग जीएल1800 ला मागे 180/60 आर 16 यायचा. त्याऐवजी 195/55 आर 16 चढवला तर रुंदीत 15 मिलिमीटरचाच फरक. आपल्या भावाच्या क्रूझरला तोच फरक 45 चा. 195 च्या टायरला साधारण साडेपाच ते साडेसहा इंच रुंद रिम लागते, ह्याची रिम त्याहून कितीतरी अरुंद. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा फुगा होतो आणि वळणावर तो रिमवर डुलतो.

माप अगदी जुळलं तरी पुढचं दुखणं राहतंच. कारचं चाक जवळजवळ उभं राहून वळतं, बाईक कलून वळते. बाईकचा टायर गोल असतो तो दिसायला नाही. कितीही कललं तरी रबराचा सारखा तुकडा रस्त्यावर राहावा म्हणून. सपाट टायर कलवला की तो आधी विरोध करतो, मग काठावर चढतो, आणि तिथून पुढचा भार साईडवॉलवर जातो. ती साईडवॉल त्या कामासाठी बनवलेलीच नाही. माझा गिऱ्हाईक महिन्यातून एकदा कराडहून चिपळूणला जातो. कुंभार्ली घाट ज्यांनी पावसाळ्यात उतरलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

बीडचंही तेच. कारच्या आणि बाईकच्या रिमवर टायरची कड बसायची जागा एकसारखी नसते, आकडा 16 च असला तरी. मग ती कड बसेपर्यंत लोक हवा मारत सुटतात. बाईकच्या टायरची बीड बसवताना 40 पीएसआयच्या वर जाऊ नका, अशा सूचना असतात. इथे 60, 70 पर्यंत काटा जातो आणि समोर तुमचा पोऱ्या उभा असतो. गिऱ्हाईक नाही. तो बाहेर चहा पीत असतो.

कुणीतरी हमखास विचारेल, मग सौराष्ट्रातल्या छकड्याला कसं चालतं? पुढून बाईक, मागे दोन चाकं. बरोबर, चालतं. ट्राइकला आणि साईडकार लावलेल्या बाईकलाही कारचा टायर चालतो. कारण ही वाहनं कलत नाहीत. संपला विषय.

आता पैशाचं. मी दुकानातच कॅल्क्युलेटर घेऊन त्याला गणित मांडून दाखवलं. बाईकचा टायर 8,000 चा आणि 15,000 किलोमीटर चालेल असं धरू. किलोमीटरला 53 पैसे. कारचा 7,000 चा, 40,000 चालेल. साडेसतरा पैसे. वर्षाला 10,000 किलोमीटर फिरला तर वाचले साधारण 3,600 रुपये. दिवसाला दहा रुपये. एक कटिंग. त्यात लेथवाल्याचे पैसे मी धरलेच नव्हते.

तो हसला. पण हटला नाही. म्हणाला, "मी लिहून देतो. स्टॅम्पवर देतो. काय झालं तर जबाबदारी माझी."

हाच तो राहिलेला मुद्दा. तुमच्यापैकी बरेच जण इथे विरघळतात. कागद मिळाला म्हणजे आपण सुटलो असं वाटतं. मी त्याला एकच विचारलं, "मागे कोण बसतं?" म्हणाला, "बायको असते कधी, कधी पोरगा." मी म्हटलं, "मग त्यांची सही कुठाय? आणि समोरून येणाऱ्या एसटीतल्या लोकांची?"

कागद त्याच्या-माझ्यातला आहे. मागे बसलेल्याने काहीच लिहून दिलेलं नसतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. त्यात फक्त कंपनी येत नाही. सदोष सेवा देणाराही येतो, आणि मालात बदल करून नुकसानीला कारण ठरणारा विक्रेताही येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे फेरफार करण्याबद्दल आहे. टायर त्यात कितपत बसतो यावर वकील भांडतील. पण तुमची पावती पुढ्यात ठेवून भांडतील. शिवाय "धोका मला माहीत होता" हे सिद्ध करायला समोरच्याला कष्टच नाहीत. तुम्हीच स्टॅम्पवर लिहून घेतलंय.

आणि टायरच सांगत असतो तो कुणाचा आहे. साईडवॉलवर आयएसआयचा शिक्का बघा. दुचाकी-तीनचाकीच्या टायरवर आयएस 15627 असतो, कारच्या टायरवर आयएस 15633. नवीन पोऱ्या ठेवला की मी पहिल्या दिवशी त्याला हे दोन आकडे पाठ करायला लावतो. माप नंतर.

मी काही जन्मतः शहाणा नव्हतो. बीबीए करून दुकान टाकलं तेव्हा डोक्यात एकच, गिऱ्हाईक राजा. कॉलेजात तेच शिकवतात. पहिल्याच वर्षी एका मुलाने 150 सीसी बाईकला दोन मापं मोठा टायर मागितला. बाईकचाच होता, कारचा नव्हे. मी बसवला, फोटो काढला, दुकानाच्या पेजवर टाकला. तीन आठवड्यांनी तो बाईक ढकलत आला. चेनच्या बाजूने घासून साईडवॉलचे धागे बाहेर आले होते. हवा अजून होती. आदल्या संध्याकाळी तो बहिणीला क्लासला सोडून आला होता, हे त्याने सहज बोलता बोलता सांगितलं. त्याला राग नव्हता. नवीन टायरचे पैसेसुद्धा देत होता. मी घेतले नाहीत, आणि तो जुना टायर अजून माझ्या वरच्या माळ्यावर आहे. ट्रेनिंगला येणाऱ्यांना बोट फिरवून बघायला देतो. तेव्हापासून नकार द्यायला मला जमायला लागलं.

"नाही" म्हणताना नुसतं नाही म्हणू नका, माणूस दुखावतो. त्याला पर्याय द्या. मी त्याला टूरिंगचा, मधे कडक आणि कडेला मऊ रबर असलेला दुहेरी कंपाउंडचा टायर दाखवला. हवा दर पंधरा दिवसांनी तपासायची सवय लावली तर टायर मधेच सपाट होणं लांबतं, हेही सांगितलं. तपासणी माझ्याकडे फुकट. जॉब नाकारला की वहीत एक ओळ लिहितो: तारीख, गाडी नंबर, काय मागितलं, का नाही केलं. पोरांना सक्त सांगून ठेवलंय, मी दुकानात नसताना असा जॉब आला तर "मालक आल्यावर या" म्हणायचं. पोऱ्याला गिऱ्हाईकाशी वाद घालायला लावू नये, त्याचा पगार त्यासाठी नाही.

तर, तो टायर न घेता गेला. रागावून नाही, पण गेला. त्याच्या ग्रुपमध्ये सहा बाईक आहेत आणि सगळ्यांचे टायर माझ्याकडे यायचे. जूनमध्ये त्यातले दोनच आले. महिन्याच्या गल्ल्यात ते कळतं. कळत नाही असं म्हणालो तर खोटं होईल. बायकोने विचारलं, मी सांगितलं, ती म्हणाली बरं केलंत.

गेल्या आठवड्यात तो पोराला घेऊन आला, स्कूटर पंक्चर होती. मी पंक्चर काढलं, पोराला गोळी दिली. क्रूझरला कुठला टायर घातला ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. जाताना म्हणाला, "हवेचं ते फुकटचं अजून चालू आहे ना?" म्हटलं, चालू आहे, घेऊन या.